भास्करकाकांचं जॅझ आणि आमचं भजनी मंडळ

भजनी मंडळात किस्से आपोआप साठतात. भास्करकाकांचे सांगायला लागलो की लोक हसतात, मी मात्र मान खाली घालतो.

काका म्हणजे माझे सख्खे काका. चाळीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवून कोकणात, गावी मिठबावला परतले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हणाले, "जॅझचो अल्बम करुया. खंय जावचा ता ठरवूचा नाय. बोटा नेतीत थंय जावचा." सोबत आमच्या मंडळाचा पखवाज, म्हणजे मी.

*

रेकॉर्डिंग आंब्याच्या पेट्या ठेवायच्या मांगरात. पहिल्या दिवशी काकांनी दहा मिनिटं वाजवलं. आमचे दत्ताबुवा अदबीने म्हणाले, "सूर लागले मां काका? मगे सुरू करुया."

काका म्हणाले, "संपला ता."

आम्ही खूप हसलो. काकाही हसले, जरा उशिराने.

*

मासे विकणारी सावित्री दारात टोपली ठेवून बसली. काकी पैसे घेऊन आली तर सावित्री म्हणाली, "थांब गे वयनी, ह्येंचा आयकान होऊंदे."

त्या वेळी मी घड्याळ बघत होतो.

*

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. पियानो वाजवणं व्याह्यांना कमीपणाचं वाटेल म्हणून मी काकांची ओळख 'हॉटेलात मॅनेजर होते' अशी करून दिली.

व्याही म्हणाले, "काय बघायचे तुम्ही तिथे?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "काळं-पांढरं सगळं मीच बघायचो."

*

शेवटच्या तुकड्यात ताल सुटला. सगळे थांबले. बुवा माझ्याकडे बघायला लागले, तसा मी पटकन बोलून गेलो, "काका, तुमचो डावो हात मागे पडलो."

काकांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "वय झाला रे," म्हणाले.

पुढचे आठ दिवस शाळेत शिकवायला जाताना मला मांगरातून नुसता डावा हात ऐकू यायचा. तेच तेच, सावकाश.

नवव्या दिवशी रेकॉर्डिंगवाल्याने तो जुना तुकडा मला हेडफोनवर ऐकवला. काकांचा हात जागच्या जागी होता. चुकला होता पखवाज. मी हेडफोन काढून ठेवला आणि "बरा झाला" म्हणालो.

अल्बम झाला. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला ऐकवला. शेवटी काका उभे राहिले.

"माझो डावो हात मागे पडता, ह्या फक्त ह्येनाच सांगल्यान. बाकी सगळे गप रवले. असो खरा बोलणारो माणूस जवळ व्हयो." आणि मला म्हणाले, "उठ रे, लोकांका दिसांदे."

हॉलभर टाळ्या वाजल्या. मी उठलो, आणि सगळ्यांना हात जोडले.