मामाजींची गाडी बंद होईना!

गाडीची चावी माझ्या खिशात होती आणि गाडी चालू होती. (भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हा सगळा माझ्याच हातचा गुण!)

गाडी मामाजींची. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे, सुनीताचे मामा; ते शहराच्या गढा भागात राहतात, आम्ही अधारतालला. त्यांच्याकडे लाल रंगाची, दोन दारांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार आहे. इतकी बुटकी, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा तिच्यात वाकून पाहतं! नात प्राची लहान असताना मामाजींनी तिला शब्द दिला होता, "बेटा, तुझी बिदाई याच गाडीत करीन." आता प्राचीचं लग्न ठरलं, शहराच्याच रांझी भागातल्या बुद्धविहारात, आणि नेमकी तेव्हाच गाडी दर चौकात बंद पडू लागली.

"जवाईबापू, तुम्ही तं फॅक्टरीत होते. पाहून घ्या न जरा," मामाजी म्हणाले.

फॅक्टरीत मी होतो, पण पगारपत्रकं करायला. हे सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, "हो, पाहतो न!"

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कळलं की या इंजिनाला कार्बोरेटर दोन, आणि दोघांनी हवा सारखीच ओढायला हवी. ओळखायचं कसं? रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानाशी. दोन्हीकडचा आवाज जुळला की काम फत्ते!

"अहो, माझी बागेची नळी काहून कापली?" सुनीता ओरडली.

"चूप! ऐकून राहिलो मी."

"काय म्हणून राहिलं इंजिन?"

"फुस्स."

"मंग बरोबरच सांगून राहिलं!"

मी तिकडे दुर्लक्ष केलं. एक स्क्रू डावीकडे, एक उजवीकडे. गाडी उभ्या-उभ्या बंद पडू नये म्हणून आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळला. मग आणखी थोडा. मग, शुभकार्य आहे म्हणून, अजून थोडा! इंजिन असं गुरगुरलं, की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरल्या. मामाजींचे डोळे भरून आले. "वा! जवान झाली पोरगी!" म्हणत त्यांनी मला मिठी मारली. मीही ग्रीसच्या हातांनी त्यांचा सदरा भरवला.

लग्नाच्या दिवशी मी गढ्याहून रांझीपर्यंत गाडी आणली. एकाही चौकात बंद पडली नाही! विहारासमोर, खोवा म्हणजे खव्याच्या जिलबीच्या टेबलाजवळ मोठ्या ऐटीत उभी केली, चावी काढून खिशात टाकली आणि शेरवानी झटकत निघालो.

मागे गाडी चालूच! स्क्रू मी इतका आवळला होता, की तापलेलं इंजिन चावीशिवायच पेट्रोल ओढत होतं.

परत येऊन चावी लावली, फिरवली, काढली. फट्! आत बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं होतं, सगळे हात जोडून शांत बसले होते, आणि बाहेर फट्! फटाक्! फट्!

सुनीता धावत आली. "अहो, बंद करा न ते!"

"बंदच आहे!"

"मंग वाजून काय राहिलं?"

मी चावी दाखवली. तिनं चावीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, की इंजिनाऐवजी मीच बंद पडलो. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका दारातून म्हणाले, "भाईसाहब, पटाखे शादी के बाद!"

व्हिडिओतला उपाय आठवला. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, ब्रेक गच्च दाबायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद होतं. मी केलं अगदी तसंच. पण पायात होती नवी मोजडी. ती ब्रेकवरून सटकली, आणि गाडी टुणकन उडी मारून जिलबीच्या टेबलाखाली शिरली! टेबल कलंडलं. पाकाचं पातेलं बॉनेटवर उपडं झालं, पाक जाळीतून थेट कार्बोरेटरमध्ये उतरला. इंजिनानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि तृप्त होऊन गप्प झालं.

आतला विधी आटोपून मामाजी बाहेर आले. बॉनेटवर जिलब्यांचा थर. त्यांचा चेहरा उतरला. "आता बेटीची बिदाई कशी करू, जवाईबापू?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण मागून प्राची आली, पांढऱ्या साडीत, नुकतंच लग्न लागलेली. तिनं बॉनेटवरची एक जिलबी उचलून खाल्ली आणि म्हणाली, "नानाजी, मी तं याच गाडीत जाणार. चलो, धक्का मारो सब!"

आणि खरंच, अख्खी वरात धक्का मारायला लागली. मामाजी स्टिअरिंगवर, बाजूला प्राची, तिच्या मांडीवर कसाबसा मावलेला नवरदेव! विहाराच्या कॉलनीच्या फाटकापर्यंत मामाजी न वाजणारा हॉर्न दाबत, हसत, रडत गेले. सर्वांत मागे, कोपरापर्यंत पाकात, मी.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वास घेतला, कार्बोरेटरला बोट लावून चाटलं.

"भैया, ये किस हलवाई ने ट्यून की है?"

"था कोई बाहर का," मी आकाशाकडे पाहत म्हणालो. "अब तो शहर छोड़कर चला गया."

"नहीं भैया," मागून सुनीता म्हणाली, "हमारे ही घर में रहता है. अधारताल में!"