मोडलेल्या भाकरीचं पत्र

माझ्या वर्गातली पोरं वाचतात, असं मी तेव्हा कुणालाही छातीठोकपणे सांगायचे. मुख्याध्यापकांना, शेजारणीला, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याहून रोज मेढ्याकडच्या एका शाळेत जायचे आणि पाचवी ते सातवीला मराठी शिकवायचे.

डीएडला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण सांगलीत शिकवत होती. तिच्या शाळेला नुकताच कॉम्प्युटर मिळाला होता. तिने फोन करून सांगितलं, "आपल्या दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून एक पुस्तक लिहायचं. तुझी मुलं एखाद्या पदार्थाची कृती लिहितील, ती ई-मेलने इकडे येईल. माझी मुलं ती वाचून तो पदार्थ करतील आणि काय झालं ते लिहून पाठवतील. लिहिलंय तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. ई-मेल म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं, पण ते मी तिला कशाला सांगू?

साताऱ्यात स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये इंटरनेट आलं होतं. पहिल्या वेळी सांगलीचा मजकूर उघडला तर पडद्यावर नुसते चौकोन आणि उलटेसुलटे आकडे. त्यांचा मराठी फॉन्ट आमच्याकडे नव्हता. मग मैत्रिणीने तो फ्लॉपीत घालून सांगली-सातारा गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला आणि मी स्टँडवर जाऊन घेतला. जगाच्या पाठीवर कुठेही क्षणात पत्र पोचवणारी ती विद्या आमच्याकडे एस.टी.नेच आली.

आमच्या वर्गाने नाचणीची भाकरी निवडली. सांगली ज्वारीची, तिला आमची भाकरी काय माहीत? कृती सांगायला मी सातवीतली एक मुलगी उभी केली. ती माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. कुठलाही धडा सांगा, पुस्तक हातात धरून घडाघडा वाचायची, कुठे अडखळणं नाही. आई शेतावर जायची, म्हणून घरच्या भाकऱ्या हीच थापायची. ती सांगत गेली, दुसऱ्या मुलीने लिहून घेतलं, मी साताऱ्यात टाइप केलं आणि पाठवलं.

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. मी ते छापून घेतलं आणि सकाळच्या गाडीत वाचलं. 'तुमची भाकरी मोडली. पाच केल्या, पाचही मोडल्या. तुम्ही लिहिलं पिठात पाणी घालून मळा. आम्ही मळलं. थापताना तडे गेले, तव्यावर टाकताना तुकडे झाले.' मी गाडीतच हसले. नाचणीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, नाहीतर ते धरत नाही. पण आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून आमच्या तीस पोरांपैकी, मी धरून एकतिसांपैकी, एकालाही ते लिहायचं सुचलं नव्हतं. आज वर्गात याच्यावरच बोलायचं, असं मी ठरवलं.

शाळेत पोचले तर विस्तार अधिकारी तपासणीला आलेले. मुख्याध्यापकांनी त्यांना आमच्या उद्योगाचं भलतंच कौतुक सांगून ठेवलं होतं. साहेब वर्गात येऊन म्हणाले, "बाई, या इंटरनेटने तुम्ही वाचन कसं शिकवता ते बघू द्या." मी म्हटलं, "हे पत्र आजच आलंय साहेब, मुलांनी अजून पाहिलेलंही नाही. आमची सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी वाचून दाखवेल." आणि त्या मुलीच्या हातात कागद दिला.

ती उभी राहिली. पहिल्या ओळीखाली बोट ठेवून तिने सुरुवात केली. "तुमची भाकरी फार छान झाली. आम्ही सगळ्यांनी आवडीने खाल्ली. आमच्या बाईंनाही आवडली." बोट ओळीमागून ओळ सरकत होतं. ते कागदावरच्या शेवटच्या ओळीला पोचलं आणि तिचं वाचणंही नेमकं तिथेच संपलं. मी तिच्या मागे उभी होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तिला वाचता येत नव्हतं. पुस्तकातला धडा कुणीतरी एकदा मोठ्याने वाचला की तिचा पाठ व्हायचा, इतकंच. परीक्षेत शेजारणीचं बघून अक्षरं चित्रासारखी उतरवायची. तीन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती आणि तीन वर्षं मी तिला शाबासकी देत होते. तिच्यासमोर आधी कुणीच मोठ्याने न वाचलेला कागद तिच्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा दिला होता.

साहेब म्हणाले, "वा, छान." शेरेबुकात चार चांगल्या ओळी लिहून गेले. मी मूग गिळून गप्प राहिले. कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. वर्गाला वाटलं, सांगलीकरांना भाकरी आवडली.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. ओरडायचं ठरवलं होतं, पण तिचा चेहरा पाहून ओरडणं जमलं नाही. ती खाली बघून म्हणाली, "बाई, घरी कळलं तर शाळा बंद. आत्याकडं मलकापूरला पाठिवणार, तिचं पोर सांभाळाया. आबा म्हंत्यात, वाचती म्हणून शाळंत ठेवलीया." मग हळूच विचारलं, "त्यात खरं काय लिवलंय?"

"तूच वाच," मी म्हटलं.

"सांगा की."

"नाही सांगणार."

दुसऱ्या दिवसापासून माझी संध्याकाळची गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी वर्गात बसायचो. आधी तिने सांगितलेली कृतीच तिच्यापुढे ठेवली. ती तिला तोंडपाठ होती, शब्द तिचेच होते. एकेका शब्दाखाली बोट. पीठ, पाणी, तवा, परात. पाठांतराच्या त्याच खोडीला धरून मी तिला अक्षरापर्यंत नेलं. हे मला कुठल्या डीएडने शिकवलं नव्हतं, आणि ते जमलं याचा मला आजही अभिमान आहे. मैत्रीण तिकडून विचारत होती, उत्तर कधी पाठवतेस? मी थापा मारत राहिले.

महिना होत आला तेव्हा मी ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. "तुमची भाकरी मो... मोड... मोडली." ती थांबली. पुन्हा वाचलं. मग पुढचं सगळं, घाम पुसत, अर्धा तास लावून. आणि वाचून झाल्यावर भडकली. "पाणी उकळून घ्याचं असतं, एवढं बी म्हाईत न्हाई व्हय त्यांला?"

"तू सांगितलंस का?"

तिने पहिल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी त्या दिवशी खोटं वाचलं, तुमाला तवाच कळलं हुतं न्हवं?"

"हो."

"मग सायबाफुडं गप का बसला? माझी लाज राखाया?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिने उत्तर तयार करूनच दिलं होतं. पण समोर महिनाभर खरं वाचायला धडपडलेली पोर बसली होती. मी म्हटलं, "नाही गं. माझी."

तिने वही ओढली आणि सांगलीला उत्तर लिहायला बसली. मी मदत करू का विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली. संध्याकाळी साताऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसून मी तो कागद उघडला. 'पाणी उकळून घ्या. हे मी सांगायचं राहिलं. तुमचं पत्र मी आज वाचलं. पहिल्या वेळी वाचल्यासारखं केलं. मला वाचता येत नव्हतं. बाईंना ते माहीत नव्हतं. कळल्यावर त्या पण घाबरल्या.'

शेवटच्या ओळीवर माझा हात बराच वेळ थांबला. मग मी तीही टाइप केली आणि पत्र पाठवून दिलं.