पलीकडचा काठ असलेला समुद्र

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता विसरूनही गेलो. पण सोलापुरातली एक साधी बेपत्ता बाईची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे. तीत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. नावं कुणाची सांगत नाही. मूळची माणसं आता राहिली नसली तरी त्यांच्या सुना-नातवंडं त्याच गल्लीत आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरीत रात्रीची नोंद वाचत होतो, तेवढ्यात आठ-दहा माणसं एकदम आत घुसली. मला वाटलं गिरणीत काही राडा झाला. निघाली खानावळीची गिऱ्हाईकं. पुढं पंचविशीचा एक तरुण, डोळे लाल.

"साहेब, आई बेपत्ता हाय," तो म्हणाला.

त्याची आई म्हणजे आक्का. सगळी पेठ त्यांना आक्काच म्हणायची. नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी खानावळ चालवली होती. गिरणीतले कारकून, कॉलेजची मुलं, फिरतीवरचे विक्रेते, सगळे त्यांच्या कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर जगत होते. मीही बदलीवर एकटा आलो तेव्हा तिथं दोन महिने जेवलो होतो. आक्का स्वतः वाढायच्या आणि पानात काही टाकलं तर सरळ बोलून दाखवायच्या.

"कधीपासून बेपत्ता?" मी विचारलं.

"गुरुवारी मीच मद्रासच्या गाडीत बसवलं," मुलगा म्हणाला.

"तूच बसवलंस, मग बेपत्ता कशी?"

तेव्हा सगळी हकीकत बाहेर आली. आक्कांना साबणाच्या एका कंपनीचं इंग्रजीत टाईप केलेलं पत्र आलं होतं. स्पर्धेत पहिलं बक्षीस. मद्रासहून विमानानं अंदमान बेट, तिथं समुद्रकाठच्या हॉटेलात राहणं आणि जेवण, जाऊन-येऊन आठ दिवस, फक्त एका व्यक्तीसाठी. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अंदमानला मानसं शिक्षेला जात्यात, हवा खायला न्हाय," असं सांगून पाहिलं. आक्का बधल्या नाहीत. नवं लुगडं पिशवीत घातलं आणि निघाल्या.

आता सहावा दिवस होता. गिऱ्हाइकांपैकी एक जण त्याच साबणाचा विक्रेता. तो नातेपुते-माळशिरसची फिरती करून आदल्या दिवशी परतला आणि बक्षिसाचं ऐकून ताटावरून उठलाच. म्हणाला, आमच्या कंपनीनं अशी स्पर्धा कधी काढलीच नाही. झालं, खानावळीत हलकल्लोळ. आक्कांना कुणीतरी फसवून नेलं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मागून एक जण पुटपुटला, "आनि सूनबाई पाच दिस भाकरी करत्यात. भाकरी न्हाय, पाटी हाय ती." मुलानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरकला.

मी बेपत्ता नोंद घेतली आणि मुलाला विचारलं, कुणावर संशय?

"काकावर," तो एका दमात म्हणाला.

हा काका म्हणजे आक्कांचा धाकटा दीर. शेजारच्याच खोल्यांत राहायचा. सामाईक नळावरून दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. घर आक्कांच्या नावावर, याचा त्याला राग असल्याचंही मुलगा म्हणाला. आणि महत्त्वाचं म्हणजे हा गृहस्थ कोर्टासमोर लिंबाच्या झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसायचा.

मी बक्षिसाचं पत्र मागवलं आणि उजेडात धरलं. त्यातल्या प्रत्येक छोट्या इंग्रजी 'ए' अक्षराचं पोट शाईनं भरलेलं होतं. तसलेच भरलेल्या पोटाचे 'ए' माझ्या टेबलावरच्या इंग्रजी तक्रार अर्जांत रोज असायचे. अर्ज त्याच झाडाखालून यायचे. मला त्या वेळी फार हुशार झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

दिराला आणलं. पन्नाशीचा बारीक माणूस, कानावर पेन्सिल. पत्र पुढं टाकलं.

"हे तुम्ही टाईप केलं?"

"व्हय."

इतक्या लवकर कबुली मिळेल असं वाटलं नव्हतं. "कशासाठी?"

"ते सांगनार न्हाय."

"आक्का कुठं आहेत?"

"मला म्हाईत न्हाय. आनि म्हाईत असतं तरी सांगितलं नसतं."

मी हात उचलणारा अधिकारी नव्हतो, पण आवाज चढवण्यात कुणाला हार जाणारा नव्हतो. फसवणूक, पळवून नेणं, सगळी कलमं त्याला ऐकवली. कोठडीचं दार दाखवलं. तो कपाळावरचा घाम पुसायचा आणि म्हणायचा, "सांगनार न्हाय." दोन तास असे गेले. खोटं बोलणारा माणूस बडबड फार करतो, हा माझा अनुभव. हा तर बोलतच नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संशय येत होता. दुपारपर्यंत आक्कांचा पत्ता लागला नाही तर अटक दाखवायची, असं मी ठरवून टाकलं.

एक धागा हातात होता. आदल्या दिवशी आक्कांचं अंतर्देशीय पत्र आलं होतं. अक्षर आईचंच, मुलानं शपथेवर सांगितलं. टपालाचा शिक्का म्हणजे शाईचा नुसता गोळा. आत लिहिलं होतं:

"चि. बाळास आशीर्वाद. मी सुखात हाये. हाटेल लई झ्याक हाय. दारातच वाळू अन् फुडं समिंदर. सकाळी च्या खोलीत येतो. मॅनेजर रोज इचारतो, आक्का, आज काय खानार? दुपारी झोपते. दिवेलागनीला पलीकडच्या काठावर चार दिवे लागत्यात, ते बघत बसते. नारळाची झाडं बी हायेत. भाकरीचं पीठ बारीक दळून आणावं."

मी ते तीनदा वाचलं. ठाणे अंमलदारानं वाचलं, लिखापढी करणाऱ्या मोहरीरानं वाचलं. कुणाला काही वावगं दिसलं नाही. कसं दिसणार? मी बार्शीचा, अंमलदार करमाळ्याचा, मोहरीर अक्कलकोटचा. समुद्र आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता.

एकच्या सुमारास आमचा एक हवालदार कोर्टाचं काम उरकून परतला. हा मूळचा मालवणकडचा. रेल्वेतल्या मामाकडं राहून इथंच भरती झालेला. त्यानं उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि पोट धरून हसायला लागला.

"हसायला काय झालं?" मी चिडून विचारलं.

"साहेब, समुद्राक पलतड खंय असता?"

पलतड म्हणजे पलीकडचा काठ. मोहरीरानं हळूच विचारलं, "म्हंजे, अजिबात नसतो?" हवालदार म्हणाला, "अजिबात नाय." आम्ही सगळेच थोडे ओशाळलो.

म्हणजे बाई समुद्राकाठी नव्हतीच. पण पत्र दमदाटीनं लिहून घेतल्यासारखंही वाटत नव्हतं. डांबून ठेवलेली बाई मुलाला पीठ बारीक दळायला कशाला सांगेल? बाई जे समोर दिसत होतं तेच लिहीत होती. नारळ तेवढे पदरचे. आणि पाचव्या दिवशी पत्र पोचलं, म्हणजे ते जवळूनच आलं होतं. दारात वाळू, रुंद पाणी, पलीकडं काठ आणि राहायला हॉटेल असं सोलापूरच्या आसपास एकच ठिकाण मला माहीत होतं. जीप काढली, हवालदाराला घेतलं आणि साडेतीनला पंढरपुरात नदीकाठी पोचलो.

यात्रेचे दिवस नव्हते. लॉजवाले रिकामे बसले होते. लॉजचं रजिस्टर पोलिसाला दाखवावंच लागतं, त्यामुळं काम सोपं होतं. तिसऱ्या लॉजच्या रजिस्टरात आक्का सापडल्या. स्वतःच्या खऱ्या नावानं. "येण्याचे कारण" या रकान्यात वरपासून खालपर्यंत देवदर्शन, देवदर्शन लिहिलेलं होतं. आक्कांच्या नावापुढं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "बसायला."

वरच्या गॅलरीत गेलो. आक्का आरामखुर्चीत रेलून बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर. मांडीवर भाजलेल्या शेंगा. खाली वाळू आणि चंद्रभागा. मला पाहून त्यांनी पाय खाली घेतले.

"खानावळीला आग लागली का काय?"

"नाही. सगळं ठीक आहे."

"मग तुमी हितं कसं?"

"तुम्ही बेपत्ता आहात, आक्का. तुमच्या दिराला ठाण्यात बसवलंय."

शेंगा खाली सांडल्या. आक्का उठूनच उभ्या राहिल्या. "भावजींना? त्यांनी काय केलं? त्यांना आधी सोडा."

"त्यांनी सांगितलं असतं तर केव्हाच सोडलं असतं. सकाळपासून एक अक्षर बोलले नाहीत."

आक्कांनी खुर्चीचा हात धरला. डोळे भरून आले आणि त्या हसल्याही. "बोलनार न्हाईतच. मी शपथ घातलीय. नळावर भांडत्यात कावळ्यावानी, पन शब्दाला पक्कं."

"पण मग हे पत्र त्यांच्याकडूनच कशाला टाईप करून घेतलंत?"

"आमच्या घरात त्यांच्याशी कोन बोलतंय? मग फुटनार कुटनं?"

हवालदार खाली बसून शेंगा गोळा करायला लागला.

"आणि अंदमान कशाला? पंढरपूरलाच जाते म्हणाला असतात," मी म्हणालो.

आक्कांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "साहेब, पंढरपूरला जाते म्हनलं असतं तर गल्लीतल्या सात जनी पिशव्या घिऊन निगाल्या असत्या. उरलेल्यांनी कुंकू-बुक्क्याची यादी दिली असती. अन् हितं आल्यावर चूल कुनी पेटवली असती? मीच की. अंदमानाला कोन यील मागं? मद्रासच्या गाडीत पोरानं बसवलं, फुडं गाडी थांबली तितं उतरले, अन् एष्टीनं हितं आले."

"पण हे डोक्यात आलं कसं?"

"किराणा दुकानात क्यालेंडर हाय. त्यावर बेट, नारळ, हाटेल, समिंदर. अन् समिंदराम्होरं एक बाई खुर्चीत पाय लांब करून बसलीय." त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "समिंदराचं मला काय न्हाय साहेब. मला ती खुर्ची पायजे हुती. वरीसभर पीठ मळताना तीच दिसायची."

मी विचारलं, देवाला तरी जाऊन आलात का?

"पयल्याच दिशी. त्याला म्हनलं, तू अठ्ठावीस युगं हुबा हायेस, मी बावीस वरसं वाढाय हुबी हाय. तुझं तू बघ बाबा, मी आता बसते."

हे सांगता सांगता त्यांनी कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि लुगडं घडी करून आत कोंबायला लागल्या. अजून दोन दिवस बाकी होते. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे हात कामाला लागले होते, आणि ते माझ्यामुळं. मला फार वाईट वाटलं. सकाळी ज्या माणसावर मी ओरडत होतो तो याच दोन दिवसांसाठी तोंड मिटून बसला होता.

"आक्का, पिशवी ठेवा," मी म्हणालो. "ठरल्या दिवशीच या."

"अन् भावजी?"

"अर्ध्या तासात घरी जातील."

"पोराला काय सांगशीला?"

"आई सुखरूप आहे, ठरल्या दिवशी येईल."

"कुटनं म्हनून इचारलं तर?"

"गेली तिथनं."

आक्का पुन्हा खुर्चीत बसल्या. पाय मात्र मी जिना उतरेपर्यंत वर घेतले नाहीत. तेवढा मान त्यांनी वर्दीला दिला.

पंढरपूरच्या ठाण्यातून फोन करून दिराला सोडायला सांगितलं. परतल्यावर मी स्वतः त्याच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "बसल्यात का निवांत?" मी म्हटलं, बसल्यात. तो म्हणाला, "मग झालं."

बेपत्ता नोंदवहीत मला खोटं लिहिता येत नव्हतं. "सदर महिला स्वखुशीने गेली असून सुखरूप मिळून आली," असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात आम्ही ठरलेले शब्द लिहायचो, घरगुती भांडण, प्रेमप्रकरण, कर्ज, मनोविकार. मी "बसायला" लिहिलं. वरिष्ठांनी ते वाचून चष्मा काढला. मी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि सही केली.

आक्का ठरल्या दिवशी परतल्या. पंढरपुरातल्या पूजेच्या दुकानांतून घेतलेले शंख त्यांनी गल्लीत अंदमानचे म्हणून वाटले. महिनाभर खानावळीत समुद्राच्या गोष्टी चालल्या. दीर दाराशी उभा राहून गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "वैनी, पानी खारट हुतं का?" आणि आक्का म्हणायच्या, "मी कशाला चाखू?" दोन घरांचं बोलणं तेव्हापासून सुरू झालं. नळाचं भांडण मात्र चालू राहिलं. पुढं कोर्टाच्या जुन्या सामानाच्या लिलावातून दिरानं एक आरामखुर्ची आणून दिली. मग दर गुरुवारी संध्याकाळी खानावळीच्या दारावर पाटी लागायची, "आज बंद. आक्का बसल्या आहेत."

पोलिसाला खोटं पकडायला शिकवतात, आणि खोटं सापडलं की गुन्हा सापडला असं आम्ही धरून चालतो. या केसमध्ये बक्षीस खोटं, पत्र खोटं, समुद्रही खोटा निघाला. गुन्हा कुठंच नव्हता. होती ती एक दमलेली बाई, आणि मी दोन महिने तिच्या हातचं जेवूनही ते मला दिसलं नव्हतं. पुढं कुठल्याही बेपत्ता बाईची तक्रार आली की मी आधी विचारायचो, घरात काम कोण करतं?

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला ही गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग भांडी आवरता आवरता तिनं विचारलं, "खुर्ची कसली होती हो? वेताची का कापडी?" मी म्हटलं, कापडी. एवढ्यावर ते थांबलं. मला तो प्रश्न कळायला पुढची पंचवीस वर्षं आणि नऊ बदल्या लागल्या.

निवृत्तीनंतर आम्ही खरोखर अंदमानला गेलो. समुद्रकाठचं हॉटेल, दारात वाळू, नारळाची झाडं, सगळं आक्कांच्या कॅलेंडरासारखं. वाळूत दोन कापडी आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. समुद्र इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होतो. सवयीनं नजर पलीकडचा काठ शोधत राहिली. हवालदार खरं बोलला होता.

बायको खुर्चीत बसली, पाय लांब केले, डोळे मिटले. थोडा वेळ गेल्यावर मी विचारलं, "काय, कसा वाटला समुद्र?"

ती डोळे न उघडताच म्हणाली, "थांबा हो जरा. आत्ता कुठं बसलेय."