पांढरीच्या टेकाडावरची विमलमामी

"माय गेली..." एवढंच माझा मामेभाऊ दत्ता फोनवर बोलला. त्याला आता सहा आठवडे झाले. विमलमामी म्हणजे माझ्या आईची भावजय. राळेगावजवळ तिच्या शेताला लागूनच पांढऱ्या मातीचं एक मोठं टेकाड आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती आणि त्या लोकांनी भोवती घातलेला मातीचा तट अजून उभा आहे. सरकारनं ते संरक्षित केलंय. गावाला मात्र तो मातीचा ढीग वाटे. मामीला कधीच वाटला नाही.

ती लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी तिथं उत्खनन सुरू झालं आणि मामी मजुरीला लागली. कुंच्यानं माती झाडता झाडता तिच्यापुढे एक चूल उघडी पडली. चुलीच्या लिंपणावर बोटांच्या खुणा तशाच होत्या. मामीनं हळूच आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. "बरोबर बसली रे," ती मला सांगायची, "माह्यासारखीच कोनी बाई असंन. सकाळी उठून चूल सारवत असंन." तिसरीत शाळा सुटलेल्या मामीला त्या टेकाडाबद्दल एवढं कळणं पुरेसं होतं.

दत्तानं घर बांधायला काढलं तेव्हा भरणीला माती हवी होती. त्यानं सरळ टेकाडाकडे जेसीबी वळवला. मी त्या दिवशी तिथंच होतो. मामी कपाशीच्या पऱ्हाटीतून धावत आली आणि मशीनसमोर फतकल मारून बसली.

"माय, बाजूले हो! मातीसाठी काहून भांडून राह्यली?"

"तुह्या घरासाठी कोनाचं घर मोडून राह्यला तू?"

जेसीबी परत गेला. दत्ता वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. मामीनं त्याची कधी मनधरणी केली नाही... पण तो जेवल्याशिवाय ती एक दिवसही ताटावर बसली नाही. एकुलत्या एका मुलाचा अबोला सोसणं सोपं नव्हतं. तिनं तो सोसला आणि कुणी माती नेली का हे बघायला रोज सकाळी तटाभोवती फेरी घालू लागली. शेवटच्या आजारापर्यंत ती फेरी चुकली नाही.

गेल्या आठवड्यात मी सकाळीच पोचलो, तर दत्ता घरी नव्हता. शेताकडे गेलो. तटाच्या कडेकडेनं, खाली बघत, तो सावकाश चालत येत होता.

"कुठी गेलता रे?"

"मायची फेरी होती ना," तो म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं. "सगळं शाबूत हाय."