विचारणारे काका

काकांना एकच प्रश्न येतो, अशी आमच्या नोएडाच्या व्यसनमुक्ती केंद्रात चेष्टा चालायची. पेशंट समोर बसला की, "घर में कौन-कौन है?" मागच्या मंगळवारी विचारलेलं असलं तरी या मंगळवारी पुन्हा. लोक वैतागायचे, कोणी उलटही बोलायचं. काका मात्र वहीत सगळी नावं नव्याने लिहून घ्यायचे.

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन केंद्रात समुपदेशन करणारे काका दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. सून डब्यात राजमाच देते म्हणून कुरकुरायचे आणि डबा चाटूनपुसून खायचे. एके काळी ते स्वतः भरपूर प्यायचे, आणि हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. "दारू सोडवणारा मी कोण? रोज सकाळी समोर बसून गोळी देणारं माणूस घरात हवं, बस," असं त्यांचं म्हणणं.

मी केंद्रासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला गेले होते. प्रत्येकाच्या उपचाराचा प्लॅन स्क्रीनवर दिसावा, त्याचा कागद छापून मिळावा, एवढंच काम. मराठी बोलायला मिळतं म्हणून काका माझ्यावर खूश असत. पण बाहेर ही रांग लागलेली आणि हे एका बोटाने तेच ते टाइप करतायत, हे मला बघवेना. मी एक बटण केलं. ते दाबलं की मागच्या भेटीचा प्लॅन जसाच्या तसा पुढे यायचा.

"अच्छा," काका म्हणाले. "पण अगं, या आठवड्यात त्याच्या घरी काय झालं, ते या बटणाला काय ठाऊक?"

मी हट्टाला पेटले. तुमच्या चौकशीपायी रांगेतल्या लोकांचा रोज बुडतो, असं फटकन बोलून गेले. ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते निमूटपणे बटण दाबू लागले. रांग दुपारच्या आत संपायला लागली आणि मी मनातून फुशारले.

सतबीर कॅब चालवायचा. 'गोळी पत्नीने समोर बसून द्यावी' असं त्याच्या प्लॅनवर होतं. भांडण होऊन ती मुलांना घेऊन माहेरी गेली. त्यानंतरच्या चार भेटींत तेच वाक्य छापून निघालं आणि खाली काकांची सही झाली. सतबीर स्वतःहून काही बोलला नाही. पाचव्या भेटीला त्याचा भाऊ आला, सतबीर पिऊन पिऊन गेला हे सांगायला. "भाभी तो महीने भर से मायके में थी," तो म्हणाला. "आपको नहीं पता था?"

काका त्या दिवशी घरी गेले ते पुन्हा आले नाहीत. थोड्या दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. चूक माझी आहे, असं मी रडतच म्हणाले. काका खिडकीशी बसून होते, दाढी वाढलेली, तोंडात वेलची.

"तुला माहीत नव्हतं, बेटा," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

सून मला सोडायला जिन्यापर्यंत आली. बाबांनी बावीस वर्षांनी पुन्हा सुरू केलंय, कुठे न्यावं ते सुचत नाही, असं हलक्या आवाजात म्हणाली. आमच्या केंद्रात आणा, एवढंच मला म्हणायचं होतं. माझी जीभ रेटेना. तिथे आता सगळेच ते बटण दाबत होते.