नाइनवर कोण आहे

माझ्या मुलीने मला पहिल्यांदा ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच बघायला नेलं, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत एकीचं बोट निखळलं, एकीचा ओठ फाटला आणि तिसरीला दोघी खांद्याला धरून बाहेर घेऊन आल्या. नवरा म्हणाला, हे रानटी आहे, आपण निघू या. मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. मी कार्डिफमध्ये एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे, त्यामुळे रक्ताचं मला कौतुक नाही. पण त्याआधी मी सांगलीकडे कबड्डी खेळलेली बाई आहे. उजव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातली बाई म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचे पाय धरून तिला मातीत लोळवणारी. माझ्या डाव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही.

खेळ असा, की अंडाकृती चेंडू लांबून हवेत उंच मारायचा आणि तो खाली येताना दोघी-तिघींनी एकमेकींच्या पाठीत गुडघे रोवून उड्या मारायच्या. ज्या पोरीने तो हवेतच पकडला तिला निवांत किक मारायला मिळते. ती गोलाजवळ असेल तर गोल झालाच म्हणायचा. हेल्मेट नाही, पॅड नाहीत. टाफ नदीकाठच्या रग्बीच्या मैदानावर कौन्सिलच्या परवानगीने प्लास्टिकचे खांब उभे करून हे चालतं. खेळणाऱ्यांत नर्सेस, शाळेतल्या शिक्षिका आणि वर्षा-दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या ऑस्ट्रेलियन पोरी. आणि त्यांच्यात आमची ही एक, कार्डिफमध्ये जन्मलेली, युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षातली.

तिला ग्रेट ब्रिटनच्या संघात जायचं होतं. युरोपातल्या एका स्पर्धेसाठी निवड चालू होती आणि तिचा कोच, एक ऑस्ट्रेलियन गडी, एरवी घरांची छपरं दुरुस्त करणारा, त्याचा शब्द निवडीत चालत होता. पुढे गोल मारणाऱ्यांत तिला जागा नाही, हे त्याने तिला तोंडावर सांगितलं. तिची किक वाकडी जाते. उरली होती ती मागची जागा, फुलबॅकची, म्हणजे समोरच्या संघातल्या सगळ्यात धोकादायक पोरीला चिकटून राहायचं आणि तिला चेंडू मिळू द्यायचा नाही. तिथे जमलं तर संघात, नाही तर नाही. पुढच्या वर्षी ती नोकरीला लागणार, मग हे सगळं संपलं. ती रात्रंदिवस तेच बोलायची.

मग मी तिला शिकवायला घेतलं. मागच्या गार्डनमध्ये, चिखलात. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आणि ती माझ्याहून वीतभर उंच. कंबर कशी धरायची, घोट्यावर झेप कशी टाकायची, समोरचीने झटका दिला की वजन खाली कसं सोडायचं, सगळं दाखवलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने एकदा कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक आहे ना. आम्ही दोघी तेव्हा एकमेकींच्या गळ्यात आणि चिखलात होतो. मी म्हणाले, ठीक आहे, आम्ही सराव करतोय. तिने पोलिसांना बोलावलं नाही, हे तिचे उपकार.

पुढच्या मॅचला कन्येने काय करावं? चेंडू अजून वर होता, आणि हिने समोरच्या पोरीला कमरेत असं काही आवळलं की ती जागची हलली नाही. माझ्या तोंडातून "वाऽऽ!" निघून गेलं. मुलगी हसत माझ्याकडे बघत होती. तोवर पंचांनी शिट्टी वाजवली होती. या खेळात हातात चेंडू नसलेल्या माणसाला धरायचंच नसतं. धरलं की फ्री किक आणि ती गोलासमोर मिळाली की गोल. तेच तिने पुन्हा केलं, आणि पुन्हा. ते तिच्या अंगात भिनलं होतं. तीन गोल आम्ही मायलेकींनी समोरच्यांना दान केले. मॅच संपल्यावर कोच दात-ओठ खात आला आणि हे तिला कोणी शिकवलं, असं विचारायला लागला. मी म्हटलं, मी. हे कबड्डीतलं आहे. मग त्याने कबड्डीबद्दल विचारलं आणि आम्ही पार्किंगमध्ये इतका वेळ बोलत उभे राहिलो की मुलीला थंडी वाजायला लागली.

त्याला कळलं की मला बचाव कळतो. नियम नाही कळत, पण माणूस कळतो. माझ्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात, चढाईला जाणारी आणि कोपऱ्यात थांबणारी. चढाईला जाणाऱ्याला आपण लोकांना दिसायला हवे असतो. कोपऱ्यातल्याला समोरचा दिसायला हवा असतो. आणि माझी मुलगी, मला वाटायचं, पहिल्या जातीची. धरणं तिने सोडलं, पण दुसरी खोड गेली नाही. चेंडू वर आला की फुलबॅकने मागून मूठ मारून तो उडवायचा असतो. बस, एवढंच. त्यात टाळ्या नाहीत. हिला मात्र दरवेळी तो पकडायचा असे. उंच उडी, दोन्ही हात वर, आणि दहातल्या सहा वेळा चेंडू निसटून थेट समोरचीच्या पुढ्यात.

शेवटची मॅच लंडनहून आलेल्या संघाशी होती. सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा कोच मला बाजूला घेऊन म्हणाला की त्याला आजच नाव कळवायचं आहे, आणि तुला काय वाटतं, ती मागे टिकेल का. मी खरं तेच सांगितलं. मला नाही वाटत. तिला चेंडू दिसतो, माणूस दिसत नाही. मागे वळले तर मुलगी बुटाची लेस बांधत खाली बसलेली. तिने मान वर केली नाही. लेस बांधून झाली तरी ती बांधतच राहिली. पण बोललेलं परत घ्यायची मला सवय नाही आणि ते खोटंही नव्हतं.

लंडनवाल्यांची नऊ नंबरची पोरगी सहा फुटी होती. खांदे असे की दारातून आडवं यावं लागेल. पहिल्या पाच मिनिटांत तिने माझ्या मुलीच्या बरगडीत कोपर मारलं. पंचांची पाठ होती. मला इतक्या लांबूनही तो आवाज ऐकू आला. मुलगी गुडघ्यावर बसली, थुंकली आणि उठली. दुसऱ्यांदा त्या पोरीने तिला पाठीतून असं ढकललं की ती तोंडावर आपटली आणि दातांत गवत घेऊन उठली. माझे हात शिवशिवत होते. संघाच्या फर्स्ट एडची बॅग आता माझ्याकडे असायची, ती मी इतकी घट्ट धरली होती की नखं तळव्यात रुतली. डॉक्टर म्हणून मला रेषेबाहेर उभं राहायचं होतं. आई म्हणून मला आत जाऊन त्या नवव्या नंबरचं नाक फोडायचं होतं, हे मी आजही लपवत नाही.

पण मग मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. मुलगी चेंडूकडे बघत नव्हती. ती त्या पोरीच्या कमरेकडे बघत होती. कंबर खोटं बोलत नाही, हे मीच तिला चिखलात शिकवलं होतं. नऊ नंबर डावीकडे वळायच्या आत ही डावीकडे असायची. हात लावत नव्हती, फक्त तिथे असायची. चेंडू वर आला की मूठ. पुन्हा मूठ. एकदा मूठ चेंडूला लागली आणि कोपर नऊ नंबरच्या ओठाला. ओठ फुटला, ती रक्त पुसत काहीतरी घाणेरडं बोलली, आणि मला मनापासून बरं वाटलं. तिसरा क्वार्टर संपत आला तरी नऊ नंबरच्या नावावर एकही गोल नव्हता. कोच रेषेवर उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या.

नंतर तो चेंडू आला. खूप उंच, वाऱ्याने हेलकावत. तो पकडण्यासारखा होता. मागच्या मॅचला तिने तो नक्की पकडायला बघितला असता. नऊ नंबरने धावत येऊन उडी घेतली, हिने मागून घेतली, आणि हिची मूठ सगळ्यांच्या वर निघाली. चेंडू उडून रेषेबाहेर गेला. नऊ नंबरचा गुडघा खाली येताना हिच्या चेहऱ्यावर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मुलगी जमिनीवर डोक्यावर पडली, क्षणभर निश्चल, आणि मग माझ्या ओरडण्याच्या आत उठून उभीसुद्धा राहिली. नाकातून रक्ताची धार. रक्त येत असलेल्या माणसाला मैदानात थांबता येत नाही, म्हणून पंचांनी तिला बाहेर पाठवलं. ती आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आली.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि नाक दाबून धरलं. हाड मोडलं होतं, बोटाखाली सरकत होतं. ती ओरडली नाही, रडली नाही, आरसा मागितला नाही. तिने मैदानाकडे बघत विचारलं, "आई, नाइनवर कोण आहे?"

तोंड रक्ताने भरलंय, नाक एका बाजूला गेलंय आणि हिला काळजी कसली, तर तिची नऊ नंबर आता कोण सांभाळतंय. कोपऱ्यातली बाई अशी असते. मी बावीस वर्षं हिला ओळखण्यात चूक करत होते. मी तिला सांगितलं की तुमची ती शिक्षिका आहे नाइनवर, काळजी नको. ती म्हणाली, ओके. मी मान वळवून कोचला सांगितलं, माझं सकाळचं बोलणं विसर, ही डिफेंडर आहे, नाव कळव. तो हसला. मी कापूस बदलला, ओठावरचं रक्त पुसलं.

"आई, नाइनवर कोण आहे?" तिने विचारलं. अगदी तोच आवाज, तोच सूर.

माझा हात थांबला. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. आपण कुठे आहोत विचारलं. मैदान म्हणाली. आज कोणाशी मॅच आहे? तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग परत, "नाइनवर कोण आहे?"

मी तिच्या अंगावरची जर्सी काढली, म्हणजे तिला परत आत जाताच येणार नाही. ती माझ्याशी झटापट करायला लागली. खरोखरची झटापट. तिने मला खांद्याने मारलं आणि मी तिला कमरेत आवळलं, जसं मी तिला शिकवलं होतं तसं, आणि ती हलू शकली नाही. कोच धावत आला. डोक्याला असा मार बसला की ठरावीक दिवस खेळायचं नाही, हा नियम त्यालाही माहीत होता, मलाही. स्पर्धा त्या दिवसांच्या आतच होती. मी त्याला म्हटलं, आता मी डॉक्टर म्हणून सांगते, ती जाणार नाही. त्याने टोपी काढली आणि परत घातली.

अॅम्ब्युलन्सला फार वेळ लागणार होता. कोचनेच आमची गाडी चालवली, मी मागे तिला टेकवून धरलं. गाडी निघाली तशी ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "तू कोचला नाही म्हणालीस ना? मी ऐकलं."

मॅच तिच्या डोक्यातून पुसली गेली होती. एकही मूठ आठवत नव्हती. माझा सकाळचा नकार मात्र जागच्या जागी होता. मी म्हणाले, "नाही गं. नंतर हो म्हणाले. तू आज इतकी चांगली खेळलीस, मी त्याला सांगितलं, ही डिफेंडर आहे."

ती सुजलेल्या तोंडाने हसली. रक्ताळलेला हात माझ्या गालावर ठेवला. मग विचारलं, "मग मी जातेय टीममध्ये?" मी खरं सांगितलं, की नाही, डोक्याला मार लागलाय. ती लहान मुलीसारखी रडली. नाकातून पुन्हा रक्त सुरू झालं. मी ते दाबून धरलं आणि तीही हळूहळू शांत झाली.

पुढचा सिग्नल लागला. तिने माझ्याकडे बघितलं. "तू कोचला नाही म्हणालीस ना? मी ऐकलं."

कोचने आरशातून विचारलं, ती सारखं काय विचारतेय. मी त्याला सांगितलं नाही. मुलीला पुन्हा तेच सांगितलं, हो म्हणाले, तू डिफेंडर आहेस. ती पुन्हा हसली, गालावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं, मग मी जातेय? या वेळी मी म्हणाले, "हो, जातेयस." दोन मिनिटांचं सुख होतं ते, आणि दोन मिनिटांनी ते तिला आठवणारही नव्हतं.

हॉस्पिटल येईपर्यंत तिने तो प्रश्न किती वेळा विचारला मी मोजलं नाही. नकार एकदाच दिला होता, तो तिच्या डोक्यात पक्का बसला होता. होकार मात्र मला दरवेळी नव्याने द्यावा लागत होता. मी तो देत राहिले.