कातरलेली मेंढरं
परवा नव्या घोंगडीची घडी मोडली आणि लोकरीच्या त्या उग्र वासासरशी तामलवाडीजवळचं आमचं माळरान आठवलं, जिथं एकदा सिनेमाचं शूटिंग आलं होतं. नवरी सासरी निघते, बापाच्या गळ्यात पडून रडते आणि मागून मेंढरं जातात, असा प्रसंग होता, आणि मेंढरं चक्क आमच्या चुलत्यांची! मी तर हरखून गेले होते. अर्धा प्रसंग सकाळी झाला, मग ढग आले आणि सगळे थांबले. नेमके त्याच दिवशी चुलत्यांकडं कातरणीला पाहुणे आलेले. रिकामं कशाला बसायचं म्हणून सगळ्यांनी मिळून कळप कातरून टाकला. दुपार कलल्यावर अचानक ऊन पडलं आणि एकच धांदल उडाली. ऊन जाईल म्हणून कॅमेरावाला ओरडत होता, कुणी नवरीच्या बांगड्या जुळवत होतं, कुणी पदर, आणि मीसुद्धा श्वास रोखून तिच्याकडंच बघत होते. पुढं सोलापूरला सिनेमा लागला, आख्खी भावकी बघायला गेली, आणि नवरी बापाच्या गळ्यात पडली तेव्हा मागं होती केसाळ मेंढरं, तिनं डोळे पुसले तोवर सगळी गुळगुळीत! मी खुर्चीतून उडालेच. "नाना, मेंढरं बघा की तुमची!" ज्यांनी ती स्वतः कातरली होती ते चुलते नाक ओढत म्हणाले, "मेंढरं काय बघायलीस? पोरगी किती रडायलीय ती, तिकडं बघ!" तो सिनेमा मी अजूनही लावते. या खेपेला मेंढरंच बघायची असं दर वेळी ठरवते, आणि दर वेळी तिच्याकडंच बघत राहते.